पोलंडचा पिवळा कागद

मित्रांनो, शिक्रापूरच्या चौकातून चाकणच्या रस्त्याला लागलं, की ढाबे आणि भाड्याच्या खोल्या संपता संपता एक पत्र्याची शेड लागते. आज तिचं दार अर्धं उघडं आहे. आत उजेड नाही, कारण वीज तोडलेली आहे. कोपऱ्यात ताडपत्री पांघरून जे धूड बसलं आहे, ते मी. मी एक जुना ग्राइंडर आहे. तुमच्या घरी चटणी वाटतो तो नव्हे. लोखंडाचा दांडा घासून घासून इतका गुळगुळीत करणारा, की त्यात तुम्हाला तुमचा चेहरा दिसावा. निदान एके काळी तसा होतो. आता माझ्या अंगावरून हात फिरवलात, तर तुमचा हात तांबडा होईल.

माझा जन्म पोलंडमध्ये झाला. तिथे बर्फ पडतं आणि माणसं कारखान्यातसुद्धा जाड कपडे घालून येतात. ज्यांनी मला ओतलं, तासलं, जोडलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पण एका म्हाताऱ्या कारागिराचा तळहात अजून आठवतो. माझी सरकती पट्टी त्याने हाताने खरवडून सपाट केली होती. काम झाल्यावर त्याने मला कोरड्या फडक्याने पुसलं, तेलाचा हात दिला आणि एका पिवळ्या कागदात गुंडाळलं. लोखंडाला गंजू न देणारा तो खास कागद. त्याला थोडा औषधासारखा, थोडा डिंकासारखा वास येतो. त्या वासात मला अगदी सुरक्षित वाटायचं. हसू नका, लोखंडालाही लहानपण असतं.

पुढे मी बोटीत बसून मुंबईला आलो आणि तिथून पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात. तिथली माझी उमेदीची वर्षं. किती हातांनी मला चालवलं याची गणती नाही. मग तो कारखाना बंद पडला. आम्हा यंत्रांना बाहेर उघड्यावर काढून ठेवलं आणि लिलाव पुकारला. लोक यायचे, माझ्या अंगावरची पाटी वाचायला बघायचे, अक्षरं लागली नाहीत की पुढे जायचे. एक माणूस मात्र थांबला. त्याने पाटीकडे पाहिलंच नाही. माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, "बनूभाऊ, ह्यो अजून जित्ता हाय."

ते ज्योतिबा. दौंड तालुक्यातल्या राहूचे. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे. वडिलांनी मेंढरं मोडली आणि शेती धरली. ज्योतिबांचं मन मात्र शेतातही रमलं नाही. पुण्यात लोकांच्या वर्कशॉपात राबून राबून त्यांनी शिक्रापुरात ही स्वतःची शेड टाकली. आणि सोबतचे ते बन्यामीन, शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारामागे त्यांचं घर. दोघं एकाच वर्कशॉपात, एकाच डब्यात जेवून कारागीर झालेले. शेड ज्योतिबांची असली, तरी मला चालवायचं ते बन्यामीन यांनीच, हे न बोलता ठरून गेलं होतं.

मी आलो त्या दिवशी ज्योतिबांच्या पत्नी गिताबाई राहूहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माझ्या कपाळावर, म्हणजे जिथे त्यांना माझं कपाळ वाटलं तिथे, भंडारा लावला आणि म्हणाल्या, "लई लांबनं आलाय बिचारा. पावणाच हाय ह्यो आपला." बाकीचे मला पोलंड्या म्हणू लागले. गिताबाईंच्या तोंडी मात्र मी कायमचा पावणा झालो. पाहुणा म्हणून आलो आणि घरचा झालो, मित्रांनो. इतकं कौतुक माझ्या जन्मगावीही झालं नव्हतं.

बन्यामीन कामाला लागले की गुणगुणायचे. देवळातली म्हणजे त्यांच्या चर्चमधली गाणी. माझं चाक फिरायचं, लोखंड तापू नये म्हणून सोडलेलं दुधाळ पाणी वाहायचं, आणि त्या आवाजात त्यांचा आवाज मिसळायचा. संध्याकाळी बाकीचे हातपाय धुऊन पळायचे. बन्यामीन मागे राहायचे. जुन्या बनियनच्या चिंध्या घेऊन माझ्या फटीफटीतून पाणी टिपायचे, मग तेलाचं बोट फिरवायचे. "झोप आता," म्हणायचे. माणसांशी ते फार बोलत नसत, माझ्याशी एवढंच बोलत.

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या शेडमध्ये ती पूजा गिताबाई करायच्या. झेंडूच्या माळा, हळद, कुंकू, भंडारा. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायच्या. आणि पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या सासरचा कडक नियम. एकदा पूजेत मांडलं की ते देवाचं.

आता लोखंडावर ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी रात्रभर राहिलं तर काय होतं? लोखंड गंजतं. हे ज्योतिबांनाही ठाऊक होतं आणि बन्यामीन यांनाही. पण गिताबाईंना हे सांगायचं कुणी? पहिल्याच वर्षी बन्यामीन यांनी त्यावर तोड काढली. पूजा होईपर्यंत ते टोपी काढून दाराशी उभे राहायचे, प्रसाद घ्यायचे, आणि गिताबाई घरी गेल्या की चिंध्या घेऊन माझ्याकडे यायचे. ज्योतिबा त्या वेळी तोंड फिरवून उभे राहायचे. "आमाला हात लावायचा नसतोय," ते पाठमोरेच म्हणायचे. "तुमाला चालतंय, बनूभाऊ." मग बन्यामीन मला पुसायचे, तेल लावायचे आणि दिसेल अशा जागी कुंकवाचा एक टिळा तेवढा ठेवायचे, म्हणजे सकाळी गिताबाईंना वाईट वाटू नये. अशी आमची खंडेनवमी. एकाने पूजा करायची, दुसऱ्याने पुसायचं. त्या दोघांच्या मधे मी अनेक वर्षं नवा राहिलो.

मग काळ पालटला. आजूबाजूला कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. जे काम मी दिवसभरात करायचो, ते तिथे चहा होईपर्यंत व्हायचं. आमच्याकडे येणारं काम आटत गेलं. आधी हाताखालची माणसं गेली, मग शेजारची दोन यंत्रं गेली. उरलो मी, ज्योतिबा आणि बन्यामीन. दोघं दुपारभर दारात बसून रस्त्यावरचे ट्रक बघायचे. "एक काम लागाय पायजे," ज्योतिबा म्हणायचे, "एकच, पण रोजचं."

अशात एक दिवस सोनम आली. यवतची मुलगी. जवळच्या एका कंपनीत, जिथे ट्रकचे गिअरबॉक्स जोडतात, तिथे ती सुटे भाग खरेदी करण्याच्या खात्यात होती. तिच्या वडिलांची आणि ज्योतिबांची जुनी ओळख. तिने पर्समधून एक छोटी पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. पिवळ्या कागदाची.

मित्रांनो, तो वास मी लगेच ओळखला. इतक्या वर्षांनी माझ्या माहेरचा वास त्या शेडमध्ये आला होता.

पुडीत बोटभर लांबीची एक पोलादी पिन होती. आरशासारखी. "मामा," सोनम म्हणाली, "ही पिन आम्ही पोलंडहून मागवतो. माल एकदम झकास, तक्रार म्हणून नाही. पण बोटी वेळेवर येत नाहीत. मागच्या महिन्यात लाईन थांबली, साहेब नुसते पेटले. मी म्हटलं, आपल्या इथंच करून बघू ना. तुमचं नाव मी दिलंय."

ज्योतिबांनी पिन उचलली आणि लगेच खाली ठेवली. "पोरी, ह्यो पोलंडचा माल हाय."

"मग? तुमचा ग्राइंडर कुठला आहे?"

ज्योतिबा माझ्याकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. सोनमने मग मोबाइलवर पोलंडच्या कारखान्याचा व्हिडिओ दाखवला. कंपनीने तिला एकदा तिकडे पाठवलं होतं. लख्ख फरशी, काचेआडची यंत्रं, हातमोजे घातलेली माणसं. "ते लोक उघड्या हाताने पिनेला शिवतच नाहीत," ती सांगत होती. "घामानेसुद्धा डाग पडतो म्हणतात. घासून झाली की तेल, तेलानंतर हा कागद, आणि मग थेट आमच्याकडे उघडायची." व्हिडिओतल्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. बन्यामीन यांनी मोबाइल हातात घेतला आणि माझ्याकडे वळवून धरला. "बघ रं, तुझं गाव," म्हणाले. मला काय दिसलं ते विचारू नका. पण त्यांना असं वाटलं, हेच मला पुरलं.

काम सुरू झालं. पहिल्या पिना वाया गेल्या. दुसऱ्या खेपेच्याही. मी म्हातारा झालो होतो, चाक थोडं थरथरायचं. बन्यामीन मान खाली घालून, श्वास रोखून, इतक्या हळू मूठ फिरवायचे की मलाच धीर धरवत नसे. आणि मग एका दुपारी पिन जमली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. सोनमने येऊन त्यांची मापं घेतली. पोलंडची पिन आणि आमची पिन शेजारी ठेवली, तेव्हा ज्योतिबांना कुठली कुणाची ते सांगता येईना. सोनमने टाळ्याच वाजवल्या. साहेबांनीही होकार दिला. आता एक पेटी भरून पिना द्यायच्या, त्या गिअरबॉक्समध्ये बसवून बघणार, आणि चालल्या की कायमचं काम. बोट उशिरा येवो नाहीतर बुडो, शिक्रापूरच्या शेडमधून पिना जाणार. पेटी दसऱ्याच्या दुपारी न्यायला येणार, असं ठरलं.

अष्टमीला शेवटची पिन झाली. बन्यामीन यांनी एकेक पिन पुसली, तेलात बुडवली आणि सोनमने आणून दिलेल्या पिवळ्या कागदात गुंडाळून पेटीत ओळीने मांडली. त्यांचे हात पिनांवर असे फिरत होते, की मला तो पोलंडचा म्हातारा आठवला. पेटी बंद होते न होते तोच त्यांचा फोन वाजला. त्यांची मुलगी रेचल दौंडला नांदत होती, तिला मुलगी झाली होती.

"जावा, आत्ताच्या आत्ता जावा," ज्योतिबा म्हणाले. "नातीचं तोंड बघा. हितलं समदं झालंय."

बन्यामीन दारापर्यंत गेले आणि परत आले. "उद्या पूजा हाय. पोलंड्याला पुसायचं राहील."

"एका दिवसानं काय मरत न्हाई तो. सोन्यासारखा दिवस हाय तुमचा, जावा."

ते गेले. पेटी बंद होती, माल तेलात होता, कागदात होता. त्यामुळे पिनांविषयी काही सांगून जावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिताबाई आल्या. त्या वर्षीइतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इरकली लुगडं, हातात भरलेलं ताट. माझी पूजा झाली, पण त्यांचा जीव होता पेटीत. "अवं," त्या ज्योतिबांना म्हणाल्या, "खरं हत्यार औंदा त्येच की. ज्येच्यावर आपलं समदं उभं ऱ्हाणार, त्येलाच पूजेत न्हाई ठिवायचं व्हय?"

ज्योतिबा क्षणभर घुटमळले. तो क्षण मी विसरलेलो नाही. मग म्हणाले, "ठेव. देवाच्या पायाशी असू दे."

गिताबाईंनी पेटी उघडली. पिना कागदातून सोडवल्या. कागद पिवळाधमक, शुभ रंगाचा, म्हणून तोच पाटावर पसरला आणि त्यावर पिना मांडल्या. कुंकू लावायला गेल्या, तर तेलामुळे ते बसेना, घसरून जायला लागलं. "कसला बाई हा तेलकटपणा," म्हणत त्यांनी पदराने एकेक पिन पुसली. अगदी लेकराचं नाक पुसावं तशी मायेने पुसली. मग प्रत्येक पिनेला हळद, प्रत्येक पिनेला कुंकू. आणि वरून नारळाचं पाणी.

मला ओरडता आलं असतं तर मी पत्रा उडवून दिला असता. पण आम्हा यंत्रांना वीज आली तरच आवाज असतो, आणि पूजेच्या दिवशी वीज बंद असते.

"सकाळपातुर हात लावू नका हां कुणी," गिताबाई म्हणाल्या आणि हात जोडून घरी गेल्या. ज्योतिबा पाटाजवळ उभे राहिले. एकदा हात पुढे केला, मागे घेतला. ज्याने पुसलेलं चाललं असतं, तो माणूस दौंडला नातीला मांडीवर घेऊन बसला होता.

दसऱ्याच्या सकाळी ज्योतिबांनी पिना पुसल्या. कुठे कुठे फिकट ठिपके दिसले, ते त्यांनी फडक्याने घासले, गेल्यासारखे वाटले. तेल लावलं. पिवळ्या कागदाला हळदीकुंकवाचे ओघळ लागले होते, तो आता देवाचा झाला, म्हणून गिताबाईंनी घडी करून शेडमधल्या खंडोबाच्या तसबिरीमागे ठेवला. पिना साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून गेल्या. गाडी निघाली तेव्हा गिताबाईंनी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं.

गंज आत शिरला की वरून पुसून जात नाही, मित्रांनो. तो आतल्या आत वाढत राहतो.

काही दिवसांनी सोनम पेटी घेऊन परत आली. बन्यामीनही तेव्हा कामावर परतले होते, नातीला काय नाव ठेवायचं यावर त्या दिवशी ते चक्क बोलत होते. सोनमने पेटी टेबलावर ठेवली आणि एक पिन काढून उजेडात धरली. तांबूस खड्डे, सुईच्या टोकाएवढे. पण पुष्कळ.

"मामा, सगळा माल असा आहे," ती म्हणाली. "गिअरबॉक्समध्ये बसवायच्या आधीच पकडलं. पाणी लागलंय. आणि पिवळा कागद का नव्हता? मी आणून दिला होता ना?"

"फाटला," ज्योतिबा म्हणाले.

बन्यामीन यांनी पिन हातात घेतली, नखाने तिच्या खाचेतून काहीतरी काढलं आणि बोटावर घेऊन पाहिलं. लाल कण होता. मग त्यांची नजर वर गेली. तसबिरीमागून पिवळ्या कागदाची कड बाहेर आलेली होती. त्यांना सगळं कळलं. त्यांनी ज्योतिबांकडे पाहिलं. ज्योतिबा स्वतःच्या चपलेकडे बघत होते.

त्या दिवशी शेडवर आलेल्या गिताबाई नेमक्या त्याच वेळी चहा घेऊन आल्या. "काय झालं गं पोरी?"

"मामी, पिना गंजल्या. पाणी राहिलं अंगावर. साहेब म्हणतात, आता लोकल नकोच, पोलंडचंच चालू ठेवा. मी खूप भांडले."

गिताबाईंनी चहाचे कप टेबलावर ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नळीतून ठिबकणाऱ्या दुधाळ पाण्याकडे पाहिलं, आणि मग बन्यामीन यांच्याकडे. "बनूभाऊ," त्या म्हणाल्या, "नातीच्या ओढीनं गडबड झाली तुमची. मशीनचं पाणी नीट पुसलं न्हाई तुमी."

बाहेर ट्रक जात होते. मी वाट बघत होतो. एक वाक्य, फक्त एक वाक्य ज्योतिबांनी बोलायचं होतं. पण ते वाक्य त्यांच्या बायकोच्या काळजात सुरीसारखं गेलं असतं, हेही खरं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"व्हय वहिनी," बन्यामीन म्हणाले. "ऱ्हायलं असंल माझ्याकडनं."

सोनम बन्यामीन यांच्याकडे बघतच राहिली. तिला ते पटलं नसावं. पण ती एवढंच म्हणाली, "मामा, आता मला तुमचं नाव पुन्हा नाही घेता येणार," आणि डोळे पुसत निघून गेली.

त्या संध्याकाळी बन्यामीन मागे राहिले. नेहमीप्रमाणे मला पुसलं, तेल लावलं. ज्योतिबा जवळ येऊन उभे राहिले. "बनूभाऊ, तिला कळलं तर ती अन्नाला शिवायची न्हाई. म्हणून म्या..."

"म्हायती हाय, आप्पा," बन्यामीन म्हणाले. कधी नव्हे ते आप्पा म्हणाले. एरवी ते ज्योतिबांना नुसतं नावाने हाक मारायचे. तेल लावून झालं, चिंध्यांची घडी घालून माझ्या पायाशी ठेवली. "झोप आता," मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. सोनमची दुसऱ्या खात्यात बदली झाली. शेडमधलं उरलंसुरलं सामान गेलं, वीज गेली. ज्योतिबा आता राहूलाच असतात, अधूनमधून येऊन कुलूप उघडतात, माझ्याजवळ बसतात. एकदा त्यांनीच मला सांगितलं. रस्त्यापलीकडे एक मोठं गोडाऊन आहे, परदेशातून आलेला माल तिथे उतरतो. बन्यामीन तिथे लागले आहेत. हातमोजे घालून पोलंडच्या पेट्या उघडतात, पिवळ्या कागदातून पिना काढून कंपनीत पाठवायला मांडतात. "गेटपतुर गेलतो," ज्योतिबा म्हणाले. "पाठमोरा व्हता. हाक मारायची व्हती. न्हाई मारली, पोलंड्या. काय म्हणून मारू?" आणि माझ्यावर डोकं टेकवून हा म्हातारा माणूस रडला. मी तरी काय करणार होतो? माझ्या अंगावरचा गंज त्यांच्या कपाळाला लागला, एवढंच.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. दसरा झाला की हौसराव भंगारवाल्याचा टेम्पो मला न्यायला येणार आहे. माझे तुकडे होतील, ते वितळतील, आणि त्यातून काय होईल ते मला ठाऊक नाही. मला कुणी पिवळ्या कागदात गुंडाळणार नाही, हे मात्र ठाऊक आहे.

मघाशीच गिताबाई येऊन गेल्या. आता त्या वाकून चालतात. त्यांनी ताडपत्री बाजूला केली. माझ्या सरकत्या पट्टीवर एका कोपऱ्यात बन्यामीन यांनी लावलेल्या तेलाचा शेवटचा ओशटपणा उरला होता. कुंकू बसेना, म्हणून त्यांनी तो पदराने पुसून काढला. मग भरपूर हळद, भरपूर कुंकू, आणि नारळाचं सगळं पाणी. त्यांना वाटतं, त्या वर्षी पूजेत काहीतरी कमी पडलं होतं. "पावण्या," माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "राग धरून जाऊ नगंस. आन् देवा, बनूभाऊंची चूक पोटात घाल."

ज्योतिबा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. आताही त्यांचं तोंड उघडलं, आणि आताही मिटलं.

मित्रांनो, मी वस्तू आहे, तुमच्याकडे मागून मागून काय मागणार? तुमची सायकल असो, आजोबांचा विळा-कोयता असो, त्याची पूजा जरूर करा. गिताबाईंच्या मायेत तसूभरही खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण पूजा उरकली की ते कोरडं पुसा आणि तेलाचा हात द्या. आणि सगळे प्रसाद घेऊन गेल्यावर चिंध्या घेऊन मागे राहणारं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल. त्याच्यावर खोटा आळ आला, तर त्या क्षणी बोला. नंतर बोलू म्हणून थांबू नका. मी माणसं थांबलेली पाहिली आहेत. अजून थांबलेलीच आहेत.

गिताबाई जाताना दारात वळल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "सकाळपातुर हात लावू नका हां त्येला कुणी."

नारळाचं पाणी माझ्या पट्टीवरून हळूहळू फटीत उतरतं आहे. रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये आज सुट्टी नाही, तिथे पेट्या उघडल्याचा आवाज येतो आहे. माझ्या पायाशी चिंध्यांची घडी अजून तशीच आहे. कुणी हात लावलेला नाही.